खाडीकाठी दोरी कोण धरणार?

ठाणे खाडीत भरतीचे पाणी चढू लागले, की चिखलावर चरणारे फ्लेमिंगोंचे थवे उठतात आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाणथळींचा आसरा घेतात. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, विशेषतः सुट्टीच्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी काठावर माणसांचीही भरती येते. कोणी मोबाइल उंचावून पाण्याच्या कडेपर्यंत उतरतो, कोणी उडणारा थवा चित्रित व्हावा म्हणून टाळ्या वाजवतो, तर कोणाचा पाळीव कुत्रा पट्ट्यातून सुटून चिखलात धावतो. या गर्दीत दुर्बीण आणि वही घेतलेले दोन-चार जण असतात. ते पक्षी मोजतात आणि मधूनमधून लोकांना मागे सरकण्याची विनंती करतात. त्यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, "तुम्ही कोण सांगणार?"

हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला, तरी गैरलागू नाही. या स्वयंसेवकांपाशी ना गणवेश असतो, ना ओळखपत्र, ना कोणता अधिकार. तरीही खाडीकाठच्या वन्यजीवांची सुरक्षितता बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांना या प्रश्नाचे उत्तर आता द्यावेच लागणार आहे.

विश्रांती म्हणजे संकट नव्हे

गजबजलेल्या किनाऱ्यावर वन्यप्राणी आणि माणूस समोरासमोर आले, तर काय करावे, याचा अनुभव परदेशात प्रामुख्याने सील या प्राण्याच्या निमित्ताने घेतला गेला. सील पाण्यात शिकार करतो; पण विश्रांतीसाठी आणि पिलांना दूध पाजण्यासाठी त्याला किनाऱ्यावर यावे लागते. वाळूवर निपचित पडलेला सील आजारी असावा, असे समजून लोक त्याला पुन्हा पाण्यात ढकलू पाहतात किंवा त्याच्याजवळ बसून छायाचित्रे काढतात. म्हणूनच हवाई बेटांपासून ब्रिटनपर्यंत अनेक ठिकाणी प्रशिक्षित स्वयंसेवकांची पथके तयार झाली. प्राण्याला हात न लावणे हाच त्यांच्या कामाचा पहिला नियम असतो. सभोवती दोरी बांधायची, फलक लावायचा, लोकांना माहिती द्यायची, प्राण्याची नोंद करायची आणि तो स्वतःहून पाण्यात परत जाईपर्यंत थांबायचे, एवढेच ते करतात.

होनोलुलूच्या वायकिकी भागातील कैमाना हा पर्यटकांनी फुललेला किनारा. तेथे २०१७ च्या जून महिन्यात 'रॉकी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सील मादीने पिलाला जन्म दिला. जगात ज्यांची संख्या जेमतेम सोळाशेच्या आसपास आहे, अशा हवाईयन मंक सील या जातीची ती मादी. पिलाचे दूध सुटेपर्यंत काही आठवडे तिच्याभोवती स्वयंसेवकांचा पहारा होता. त्याच मादीने २०२२ मध्ये तेथे पुन्हा पिलाला जन्म दिला, तेव्हा जवळून पोहणारी एक महिला तिच्या हल्ल्यात जखमी झाली. अंतर राखणे हे माणसाच्याही हिताचे असते, हे त्यातून दिसले.

त्याच वर्षी नॉर्वेत याच्या नेमके उलट घडले. ओस्लोच्या बंदर परिसरात नौकांवर चढून ऊन खात बसणारी 'फ्रेया' नावाची वॉलरस मादी जगभर प्रसिद्धी पावली. दूर राहण्याचे आवाहन प्रशासन वारंवार करत होते. पण मुलाबाळांसह लोक तिच्या अगदी जवळ जात राहिले. अखेर लोकांच्या जिवाला धोका असल्याचे कारण देत ऑगस्ट २०२२ मध्ये तिला ठार करण्यात आले. फ्रेयाचा अपराध एवढाच, की ती माणसांच्या गर्दीत विश्रांतीला आली होती. गर्दीला आवर घालणे जमले नाही, म्हणून प्राण्याचा जीव गेला.

सील भारतीय किनाऱ्यांचा रहिवासी नाही. मात्र विश्रांतीसाठी किनाऱ्यावर अवलंबून असणारा जीव आणि त्याला पाहण्यासाठी उसळणारी गर्दी, हे नाते ठाणे खाडीला तंतोतंत लागू पडते. फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव टिपतात. भरती आली, की हा चिखल काही तास पाण्याखाली जातो. तेवढा काळ त्यांना किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात उभे राहून काढावा लागतो. तुतवार, चिखले, पाणटिवळे आदी स्थलांतरित पक्ष्यांचेही असेच असते. या काही तासांत थवा वारंवार उठवला गेला, तर परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती नाहक खर्च होते. लोकांना मोहक वाटणारे उड्डाण पक्ष्यांसाठी पुष्कळदा पळापळ असते.

कागदावरचे संरक्षण

संरक्षणाच्या घोषणांबाबत ठाणे खाडी कमनशिबी नाही. सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले. मालवणनंतरचे राज्यातील हे दुसरे सागरी अभयारण्य. पुढे २०२२ मध्ये नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारपाठोपाठ राज्यातील तिसरे रामसर स्थळ होण्याचा मान खाडीला मिळाला. या स्थळाचे क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर आहे. हंगामात येथे येणाऱ्या फ्लेमिंगोंची संख्या एक लाखाच्या वर गेल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनेत नोंदले गेले आहे.

तथापि, पक्ष्यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. ओहोटीला ज्या चिखलावर ते चरतात, त्यातील मोठा भाग संरक्षित आहे. मात्र भरतीला ते ज्या पाणथळींवर विसावतात, त्यांपैकी नेरुळ-सीवूड्स आणि उरण परिसरातील महत्त्वाच्या जागा अभयारण्याबाहेर राहिल्या. एकाच पक्ष्याचे जेवणघर सुरक्षित आणि शयनगृह असुरक्षित, अशी ही व्यवस्था आहे.

तिचे परिणाम २०२४ मध्ये ठळकपणे दिसले. ठाणे जिल्ह्यातील नेरुळ येथील डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट अडली, तलाव कोरडा पडू लागला आणि परिसरात दहाहून अधिक फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. जवळच्या जेटीकडील फलकावर आदळूनही काही पक्षी मेले. रोज तेथे फिरायला जाणारे रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी संघटना यांनी मृत पक्ष्यांच्या नोंदी, छायाचित्रे आणि तक्रारी यांचा पाठपुरावा केला. त्यानंतर फलक हटवला गेला, शासनाने समिती नेमली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. तलाव कोरडा पडत असल्याचे शासनाच्या कोणत्या यंत्रणेने आधी टिपले, असा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड आहे. ते टिपले सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी.

त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या विमानाची धडक बसून जवळपास ४० फ्लेमिंगो मरण पावले. वस्तीत पडलेल्या पक्ष्यांची पहिली खबर दिली, ती नागरिकांनीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. अशा वेळी पक्षी कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि किती संख्येने असतात, ही माहिती निसर्गप्रेमींच्या हौसेपुरती राहिलेली नाही. तिचा संबंध थेट विमानप्रवाशांच्या सुरक्षिततेशीही आहे. विसाव्याच्या पाणथळी बुजवल्या, की पक्षी नाहीसे होत नाहीत. ते दुसरीकडे, कदाचित अधिक धोक्याच्या जागी जातात.

मोजणीचे मोल

स्वयंसेवक म्हटले, की जखमी पक्षी उचलणारा किंवा सापाला पकडणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. त्या कामाचे महत्त्व आहेच. पण दर रविवारी त्याच जागी उभे राहून तेच पक्षी मोजणाऱ्याचे काम अधिक दूरगामी असते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि ती प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालते. देशातील पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल तर सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी संगणकीय नोंदवहीत भरलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला आहे. ९४२ जातींचा आढावा घेऊन त्यातील १७८ जातींना संवर्धनात प्राधान्य हवे, असा निष्कर्ष त्यातून काढता आला. एवढ्या नोंदी पगारी कर्मचाऱ्यांकडून करून घेणे कोणत्याही खात्याला शक्य झाले नसते.

उपग्रहाच्या साहाय्याने होणारा अभ्यासही या कामाला पर्याय ठरत नाही. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर यंत्रे बसवली. त्यामुळे ठाणे खाडी आणि गुजरात यांमधील त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा कळू लागल्या. पण सहा पक्षी कुठे गेले, हे यंत्र सांगेल. एखाद्या तळ्यावर या वर्षी गतवर्षीपेक्षा निम्मेच पक्षी का उतरले, हे मात्र तिथे नित्य जाणाऱ्यालाच कळेल.

कल्याण-डोंबिवलीच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. उल्हास खाडीकाठी, डोंबिवलीच्या रेतीबंदर परिसरात किंवा सातपूलच्या पाणथळीवर हिवाळ्यात पक्षीनिरीक्षक जातात. पण या जागांच्या वाट्याला ना अभयारण्याचा दर्जा आला, ना रामसरचे बिरुद. मोठागाव-माणकोली पुलासारखे नवे मार्ग आले, की काठावरच्या जमिनीचे भाव चढतात, भराव पडू लागतात आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दीही वाढते. अशा जागेवर प्रकल्प येतो, तेव्हा 'येथे उल्लेखनीय पक्षीजीवन नाही' असे एक वाक्य अहवालात पडायला वेळ लागत नाही. पाहणी मे महिन्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्यात झाली, तर ते वाक्य लिहिणाऱ्याला खोटे बोलल्याचा दोषही देता येत नाही. कारण स्थलांतरित पक्षी तेव्हा नसतातच. दहा-पंधरा हिवाळ्यांच्या तारीखवार नोंदी हाच त्यावर उतारा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची कत्तल हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचे स्पष्ट केले. न्यायालय तत्त्व सांगू शकते. पण एखाद्या विशिष्ट जागेवर काय होते आणि काय नष्ट झाले, याचा पुरावा कोणीतरी आधीच जमवून ठेवलेला असावा लागतो.

वेळासचा धडा

स्वयंसेवकांच्या उत्साहाला व्यवस्थेचे रूप देता येते, याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव ठाणे-डोंबिवलीच्या पर्यटकांना चांगलेच परिचित आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. तोपर्यंत अंडी काढून नेली जात. पहाटे किनाऱ्यावर गस्त घालून घरटी शोधणे, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवणे आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर आली, की ती समुद्राकडे सोडणे, असा क्रम बसवला गेला. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली आणि कासव जगण्यात गावाचाही लाभ आहे, हे लोकांना पटले. पुढे वन विभागाने किनाऱ्यांवर 'कासवमित्र' नेमले आणि त्यांना मानधन मिळू लागले.

या सगळ्यात एक साधी गोष्ट नजरेत भरते. पिले सोडताना वाळूवर दोरी बांधलेली असते. पाहुणे दोरीच्या एका बाजूला आणि पिले दुसऱ्या बाजूला. वेळ ठरलेली, सूचना ठरलेल्या आणि सूचना देणारा माणूसही ठरलेला. 'तुम्ही कोण सांगणार?' असे तेथे कोणी विचारत नाही.

नोंदींचे फळही कोकणाने पाहिले आहे. ओडिशातील गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे वेगवेगळे समूह असावेत, असा जो समज होता, त्याला या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या प्रवासाने धक्का दिला. त्या रात्री किनाऱ्यावर पट्टीवरील क्रमांक वाचणारे कोणी नसते, तर ही गोष्ट शास्त्राला कळलीच नसती. शहरी किनाऱ्यावरही हे घडू शकते. सामान्य नागरिकांनी वर्षानुवर्षे स्वच्छ केलेल्या मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये कासवाची सुमारे ८० पिले समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा भटक्या कुत्र्यांपासून त्यांचे रक्षण स्वयंसेवकांनीच केले.

उत्साहाच्या मर्यादा

मात्र स्वयंसेवक म्हटला, की तो निर्दोषच, असे मानण्याचे कारण नाही. पकडलेला प्राणी हातात धरून छायाचित्र काढणे, घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करणे, चांगल्या चित्रासाठी पक्ष्यांच्या अगदी जवळ जाणे हे प्रकार निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्यांकडूनही होतात. नोंदींनाही मर्यादा असतात. त्या सोयीच्या जागांच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या असतात. नवख्याची ओळख चुकू शकते. खाडीकाठी कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण घालणारेही स्वतःला प्राणिमित्रच समजतात. सदिच्छा आणि जाण यांतील हे अंतर प्रशिक्षणाखेरीज भरून निघणार नाही.

गर्दी हा तर त्याहून मोठा प्रश्न. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलच्या आवारात आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा बिबट्याइतकेच बघ्यांना आवरणेही कठीण असते, याचा अनुभव दोन्ही शहरांनी घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे पिल्लू लागले. वन विभाग, अन्य यंत्रणा आणि स्थानिकांनी जवळपास ४० तास झटून त्याला समुद्रात नेले. पण ते जगले नाही. अशा प्रसंगांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. त्या सूचना प्रत्यक्षात आणायच्या, तर पहिल्या तासात किनाऱ्यावर असणाऱ्या माणसाला त्या ठाऊक हव्यात. तो माणूस बहुधा सरकारी अधिकारी नसतो.

शहरांनी काय करावे

यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. ही नोंदवही एकदा तयार करून कपाटात ठेवण्यासाठी नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून दरवर्षी तिच्यात समाविष्ट केल्या, तर आज खासगी वह्यांत विखुरलेल्या माहितीला अधिकृत दस्तऐवजाचे वजन येईल. बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाला मग 'माहिती उपलब्ध नव्हती' असे म्हणता येणार नाही.

दुसरी बाब अधिकाराची. वन्यजीव संरक्षण अधिनियमात मानद वन्यजीव रक्षक नेमण्याची तरतूद आहे. पण जिल्ह्यासाठी मोजक्याच व्यक्तींपुरत्या असलेल्या या पदाने खाडीकाठचे प्रत्येक ठिकाण सांभाळले जाणे अशक्य आहे. कासवमित्रांच्या धर्तीवर 'खाडीमित्र' नेमून, वन विभागाने त्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरावीक जागेची जबाबदारी द्यावी. त्यांनी दंड वसूल करावा, अशी अपेक्षा नाही. मागे सरका असे सांगण्याचा अधिकार आणि न ऐकणाऱ्यासाठी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावरून तत्काळ प्रतिसाद, एवढे पुरेसे आहे. ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असल्याने प्रशिक्षणासाठी जागेचा शोधही घ्यावा लागणार नाही.

तिसरी बाब वेळापत्रकाची. भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी ठाऊक असतात. हंगामातील सुट्ट्यांच्या दिवशी भरतीचे चार तास विसाव्याच्या जागांवर दोरी बांधणे, ड्रोन आणि मोकळ्या कुत्र्यांना मज्जाव करणे आणि ठरावीक अंतरावरून पक्षी पाहण्याची सोय करणे यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. लोकांना खाडीपासून दूर ठेवणे हा याचा उद्देश नसावा. ज्यांनी फ्लेमिंगो कधी पाहिलाच नाही, ते त्याच्यासाठी आवाज उठवणार नाहीत. वेळासला दोरी असूनही पाहुणे नाराज होऊन परतत नाहीत. दोरीमुळेच त्यांना पिले समुद्रापर्यंत जाताना दिसतात.

ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय मान मिळाला, त्यामागे येथे वर्षानुवर्षे झालेल्या पक्षीगणनांचा मोठा आधार होता. तो मान टिकवायचा, तर मोजणाऱ्यांना मान्यता द्यावी लागेल. तसे झाले नाही, तर हे काम हौशी लोकांच्या सवडीवर चालू राहील आणि एखाद्या हिवाळ्यात पक्षी उतरले नाहीत, तर ते का उतरले नाहीत, हे सांगायलाही काठावर कोणी उरणार नाही.